भाड्याचे डोळे

पैसे देऊन दुसऱ्या माणसावर पाळत ठेवविणे योग्य आहे काय, हा प्रश्न एके काळी राजेरजवाड्यांचा होता. आज तो मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे. मुलीला स्थळ सांगून आलेले असते. मुलगा शिकलेला, देखणा, पगार भरघोस. परंतु तो राहतो कोठे, कोणाबरोबर, सांगतो ते पद खरोखरच त्याचे आहे काय, हे सांगणारे ओळखीचे कोणी नसते. मग एखादा स्नेही हळूच सुचवितो की, ‘डिटेक्टिव्ह नेमून पाहा, हल्ली पुष्कळ लोक नेमतात.’ पुष्कळ लोक एखादी गोष्ट करतात एवढ्यावरून ती करावी असे ठरत नाही, आणि मुलीच्या काळजीने झोप उडालेल्या बापास ‘हे निंद्य आहे’ असे सांगून मोकळे होणे हेही विचारवंतास शोभत नाही. म्हणून गुप्तहेर नेमण्यापूर्वी गृहस्थाने काय जाणून घ्यावे, याचा थोडा सविस्तर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न कसा उत्पन्न झाला हे पाहावयाचे तर पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे उदाहरण घ्यावे. दोन-तीन पिढ्यांपूर्वी पौड खोऱ्यातील सोयरीक म्हणजे डोंगराच्या या अंगच्या गावाने त्या अंगच्या गावाशी जोडलेला संबंध असे. शेत केवढे, कर्ज किती, सासऱ्याचा स्वभाव तापट की शांत, हे सांगावयास मामा होता, आत्या होती, बाजारच्या दिवशी भेटणारा वाणी होता. आज त्याच तालुक्यातील हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या शिवारांत राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे आहे; पिरंगुटकडे कारखाने आहेत, भूगावास इमारतींच्या रांगा आहेत. येथे लातूरचा, नागपूरचा, कोल्हापूरचा आणि परप्रांतीचाही तरुण नोकरीस येतो, भाड्याच्या सदनिकेत राहतो, आणि दारावरील पाटीपलीकडे शेजाऱ्यास त्याची ओळख नसते. जमिनीच्या व्यवहाराचेही तेच. पुण्यामुंबईचा गृहस्थ मुळशीच्या डोंगरउतारावर जमिनीचा तुकडा घेऊ पाहतो. विकणारा कोण, त्याचे भाऊ किती, त्यांची संमती आहे की नाही, हे त्यास कोण सांगणार? ओळखीचे जाळे तुटले, जाणून घेण्याची गरज मात्र तशीच राहिली. आणि ती पोकळी भरून काढण्यास मोबदला घेऊन चौकशी करणारा मनुष्य पुढे आला.

जुन्या चौकशीचे आम्ही गोडवे गाणार नाही. तिच्यात मत्सर होता, जातीचा अभिमान होता, कोणाच्या तरी जुन्या भांडणाचा सूड होता. खोट्या वदंतेने मोडलेल्या सोयरिकींची आठवण प्रत्येक घराण्यात निघेल. परंतु तिच्यात एक गुणही होता. सांगणारा मनुष्य ओळखीचा असे आणि आपल्या शब्दास तो बांधलेला असे. उद्या बोलणे खोटे ठरले तर त्याच लग्नात, त्याच पंगतीत त्यास तोंड दाखवावे लागे. भाड्याने घेतलेल्या डोळ्यांस ही लाज नसते. त्यांचा संबंध बिल चुकते होताच संपतो. तेव्हा ज्या उत्तरदायित्वाचा भार पूर्वी सांगणाऱ्यावर असे, तो आता सर्वस्वी नेमणाऱ्याच्या डोक्यावर येतो. या लेखातील पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीतून निघते.

प्रथम हा मनुष्य कोण व कोण नव्हे, हे नीट समजून घेतले पाहिजे. आमच्या वाचकांपैकी वडील पिढीतील मंडळी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढली. झुंजार आणि काळा पहाड यांनी त्यांच्या बालपणीच्या रात्री जागविल्या. त्या कथांतील नायक कुलपे उघडतो, वेष पालटतो, गुन्हेगारास पकडतो, आणि शेवटच्या पानावर सत्य लख्ख उजेडात उभे राहते. प्रत्यक्षातील खासगी गुप्तहेराचे काम फार निराळे आणि बरेच कंटाळवाणे आहे. पॅरिसमध्ये १८३३ साली व्हिडॉक याने खासगी चौकशीची कचेरी काढली आणि पुढे १८५० च्या सुमारास अमेरिकेत शिकागो येथे ॲलन पिंकर्टन याने आपली संस्था स्थापिली. तेव्हापासून या धंद्याचा गाभा एकच आहे. कोठेतरी तासन् तास थांबणे, कोण आले व कोण गेले हे टिपणे, चार लोकांस विचारणे, आणि ते लिहून देणे. आपल्या देशात या मनुष्यास पोलिसांचा कोणताही अधिकार नाही. तो कोणास अटक करू शकत नाही, झडती घेऊ शकत नाही, बँकेकडून अथवा दूरध्वनी कंपनीकडून कागद मागवू शकत नाही, आणि कोणी उत्तर देण्यास नकार दिला तर तुम्हांआम्हांइतकाच तोही असहाय असतो.

इतकेच नव्हे, तर या धंद्यास आपल्याकडे स्वतंत्र परवान्याचा कायदाही नाही. इमारतीच्या दारावर रखवालदार पुरविणाऱ्या संस्थांस २००५ च्या केंद्रीय कायद्यान्वये परवाना घ्यावा लागतो. गुप्तहेरांच्या संस्था त्या कायद्यात येत नाहीत. त्यांच्या नियमनासाठी २००७ साली राज्यसभेत एक विधेयक मांडले गेले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे दारावरील पहारेकऱ्यास परवाना हवा, आणि घराच्या अंतःपुरातील गोष्टी शोधणाऱ्यास मात्र नको, अशी विलक्षण स्थिती आहे. जाहिरातीत ‘सरकारमान्य’ असे शब्द दिसले तर त्यांचा अर्थ फार तर दुकानाची किंवा कंपनीची नोंदणी झालेली आहे एवढाच समजावा. तिच्यावरून कामाची लायकी ठरत नाही, आणि सचोटी तर मुळीच नाही.

आता नेमणाऱ्याने स्वतःस विचारावयाचे पहिले प्रश्नचिन्ह असे की, जे मी जाणू पाहत आहे ते जाणण्याचा मला अधिकार आहे काय? येथे दोन टोके टाळली पाहिजेत. ‘दुसऱ्याचे काहीच विचारू नये’ हे एक टोक. ते व्यवहारात टिकत नाही. विवाह हा जन्माचा करार आहे. वराचा पूर्वीचा विवाह अद्यापि कायद्याने अस्तित्वात असेल, सांगितलेली नोकरीच नसेल, डोक्यावर मोठे कर्ज असेल, तर ते लपविणे ही फसवणूक होय. आणि फसवणुकीपासून स्वतःस वाचविण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. ‘माझ्या मुलीचे आयुष्य पणास लागले आहे, म्हणून त्याचे सारे आयुष्य माझ्यापुढे उघडे असले पाहिजे’ हे दुसरे टोक. त्या तरुणाने महाविद्यालयात असता कोणावर प्रेम केले होते, त्याचे मित्र कोणत्या मताचे आहेत, तो एकटा असता काय वाचतो, या गोष्टी त्याच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. तो निर्णय प्रामुख्याने सरकारच्या सत्तेस उद्देशून असला, तरी त्यामागील तत्त्व आपल्या घरासही लागू पडते. मनुष्याच्या मनात त्याची स्वतःची अशी एक खोली असते, आणि तिच्या दारावर टकटक केल्यावाचून आत जाण्याचा हक्क जावईशोधामुळे कोणास प्राप्त होत नाही.

या दोहोंमधील सीमा कशी ओळखावी? आमच्या मते एक साधी कसोटी पुरेशी आहे. समोरच्या पक्षाने हीच चौकशी आपल्या घराची केली आणि ती आपणांस पुढे कळली, तर आपण काय म्हणू? ‘मुलीची पदवी खरी आहे काय हे त्यांनी विद्यापीठात विचारून घेतले’ असे कळल्यास शहाणा बाप रागावणार नाही. ‘मुलगी कचेरीतून निघाल्यापासून घरी पोहोचेपर्यंत एक मनुष्य आठ दिवस तिच्या मागे होता’ असे कळल्यास तोच बाप पोलीस ठाणे गाठील. जी गोष्ट आपल्या मुलीच्या बाबतीत असह्य, ती दुसऱ्याच्या मुलाच्या किंवा मुलीच्या बाबतीत क्षम्य कशी? दुर्दैवाने अशी पाळत पुष्कळदा वधूच्याच वाट्यास येते. तिच्या ‘वळणा’ची खातरजमा करून घेण्यात काही गैर आहे असे वरपक्षास वाटतही नाही. ज्या घराने सुनेस घरी आणण्यापूर्वीच तिला संशयिताच्या जागी उभे केले, त्या घरात ती पुढे विश्वासाची धनीण कशी होणार, याचा विचार त्यांनी करावा.

दुसरा प्रश्न साधनांचा. मुळशी तालुक्याचे नाव इतिहासात आहे ते एका अशाच वादामुळे. नीला व मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने बांधावयास घेतलेल्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले. जमिनी बुडत होत्या, गाऱ्हाणे न्याय्य होते, याविषयी फारसा मतभेद नव्हता. मतभेद झाला तो न्याय्य हेतूसाठी कोणती साधने चालतील, याविषयी. आणि १९२४ साली आगगाडी अडवून केलेल्या हल्ल्याबद्दल बापटांनी दीर्घ कारावास भोगला. तो वाद मोठ्या लढ्याचा होता, आमचा विषय घरगुती आहे. तथापि प्रश्नाचे बीज एकच. सत्य मिळवावयाचे आहे म्हणून असत्याची वाट धरावी काय?

कारण गुप्तहेराची वाट पुष्कळदा असत्यातून जाते. तो कुरिअरवाला म्हणून दार वाजवितो, पाहणी करणारा म्हणून शेजाऱ्यांशी बोलतो, कर्ज देणाऱ्या कंपनीचा मनुष्य म्हणून कचेरीत फोन करतो. हे सारे तो नेमणाऱ्याच्या वतीने बोलत असतो. ‘ते त्याने केले, आम्ही केवळ पैसे दिले’ ही सबब नीतीस मान्य नाही. हाताने दगड न मारता दुसऱ्याकडून मारविला म्हणून जखम लहान होत नाही.

आणि पुढे असत्याची वाट गुन्ह्यात शिरते. २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी एक प्रकरण उघडकीस आणले. दूरध्वनीच्या नोंदी, ज्यांस ‘कॉल डिटेल रेकॉर्ड’ म्हणतात, त्या बेकायदेशीर रीतीने मिळवून विकल्याच्या आरोपाखाली काही खासगी गुप्तहेरांना अटक झाली. या नोंदींत संभाषण नसते. परंतु कोणी, कोणास, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या परिसरातून फोन केला हे सर्व असते, म्हणजे मनुष्याच्या दिनचर्येचा नकाशाच असतो. त्या मागविण्याचा अधिकार कायद्याने ठरविलेल्या पोलीस अधिकाऱ्यांस व न्यायालयास आहे. नवऱ्यास, बायकोस, सासऱ्यास किंवा धंद्यातील भागीदारास नाही. त्या प्रकरणात तपासाचा रोख केवळ विकणाऱ्यांवर राहिला नाही. नोंदी घेणाऱ्यांकडेही तो वळला. गुन्हा दुकानदाराचा आणि आपण निष्पाप गिऱ्हाईक, ही समजूत किती पोकळ आहे हे त्यावरून दिसावे.

म्हणून गृहस्थाने एवढे तरी पाठ ठेवावे. दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये किंवा संगणकात त्याच्या परवानगीवाचून शिरणे अथवा त्यात हेरगिरीची प्रणाली बसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ यांखाली गुन्हा होतो, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितलेली आहे. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पुरुषाने नजर ठेवणे हे भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ७८ मध्ये येते; ही संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आहे. बँकेचे खाते, प्राप्तिकराचे विवरण, रुग्णाची कागदपत्रे, ही कोणी ‘आतून’ काढून देतो म्हणाला, तर तो चोरीचा माल विकतो आहे असे समजावे. जो गुप्तहेर या गोष्टी सहज मिळतील असे पहिल्याच भेटीत सांगतो, त्याच्या कचेरीतून उठून यावे. आज तो दुसऱ्याचे गुपित तुम्हांस विकीत आहे. उद्या तुमचे गुपित कोणास विकणार नाही, याची हमी काय? त्याच्याकडे जाण्यापूर्वी तुमच्या घरातील संशय तुम्हांलाच ठाऊक होता. आता तो एका परक्या मनुष्याच्या दप्तरात लिहून ठेवलेला आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो विचारावयास लोक विसरतात. उत्तर मिळाल्यावर आपण त्याचे काय करणार?

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ साली रंगभूमीवर आले आणि आजही त्याचे प्रयोग होतात. त्यातील गंमत बारकाईने पाहण्यासारखी आहे. फाल्गुनराव रस्त्यात मूर्च्छित झालेल्या रेवतीस सावरतो, ते कृत्तिका पाहते. तेथे पडलेली तसबीर कृत्तिका उचलते, ती तिच्या हाती असलेली फाल्गुनराव पाहतो. दोघांनीही जे पाहिले ते अक्षरशः खरे होते. खोटा होता तो त्यांनी लावलेला अर्थ. त्या काळी एखादा गुप्तहेर त्यांच्या मागावर असता तर त्याचा अहवाल असाच झाला असता: अमुक वेळी, अमुक रस्त्यावर, सदर इसमाने परस्त्रीस हातांनी धरले. अहवाल निर्दोष, निष्कर्ष अनर्थकारक! प्रेक्षक हसतात, कारण त्यांस दोन्ही बाजू दिसतात. ज्याच्या हाती एकच बाजू असते त्याला हसू येत नाही. देवलांनीच शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ हे नाटक १८९० साली लिहिले. तेथे याच संशयाने एका हातरुमालाच्या आधारावर निरपराध पत्नीचा प्राण घेतला. प्रहसन आणि शोकनाट्य यांच्यामधले अंतर पुराव्याच्या खरेपणाने ठरत नाही. पुरावा हाती आल्यावर मनुष्य थांबून विचारतो की नाही, याने ते ठरते.

याहूनही खोल उदाहरण भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त आहे. पहिल्या अंकात चित्रे पाहून थकलेली सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून निजलेली असते, आणि त्याच वेळी दुर्मुख हा हेर येतो. प्रजा काय बोलते हे जाणून येण्याचे काम त्याच्याकडे असते, आणि तो जे सांगतो ते खरेच असते. लोक तसे बोलत होते. सीता शुद्ध आहे हे रामास ठाऊक होते, तिची अग्निपरीक्षा झालेली होती. तरी बातमी आली आणि तिने घर उद्ध्वस्त केले. हेराने खोटे सांगितले नाही, ऐकणाऱ्यास खरे काय ते अज्ञात नव्हते, तरीही अन्याय झालाच. राजधर्माची बाजू मांडणारे मांडोत. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, माहिती ही निर्णय नव्हे. जो मनुष्य बातमीपुढे दुबळा आहे, त्याने बातमी मागविण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

राजनीतीत हेरगिरीस शास्त्राचे रूप देणारा कौटिल्य या बाबतीत आपल्याहून कितीतरी सावध होता. गृहस्थाच्या, व्यापाऱ्याच्या, तापसाच्या वेषातील हेर त्याने सांगितले; परंतु हेरांची एकमेकांस ओळख असू नये आणि तिघांचे सांगणे जुळले तरच ते विश्वसनीय मानावे, असाही नियम त्याने घातला. ज्याच्या हाती अवघे राज्य तो तीन स्वतंत्र तोंडांवाचून विश्वास ठेवीत नाही, आणि आपण मात्र एका भाड्याच्या मनुष्याच्या दोन पानी अहवालावर पंचवीस वर्षांचा संसार तोलावयास निघतो!

संशयी मनाची आणखी एक गोम आहे. ज्याने संशयाने ग्रासून पाळत ठेवविली, त्यास ‘आठ दिवसांत काहीही आक्षेपार्ह आढळले नाही’ हे उत्तर समाधान देत नाही. ‘आठ दिवस सावध असेल, आणखी आठ दिवस पाहा’ असे त्याचे मन म्हणते, आणि दिवसाच्या दराने मोबदला घेणाऱ्यास ते ऐकावयास गोडच लागते. म्हणून काम सांगण्यापूर्वी कागदावर दोन ओळी लिहून ठेवाव्यात. अमुक आढळल्यास मी अमुक करीन. काही न आढळल्यास हा विषय कायमचा मिटवीन. दुसरी ओळ लिहिताना हात अडखळत असेल, तर आपणांस सत्य नको असून संशयास खाद्य हवे आहे, हे ओळखावे. अशा मनुष्याने गुप्तहेराकडे न जाता ज्याच्यावर संशय आहे त्याच्यापुढे बसून बोलावे. ते जमत नसल्यास समुपदेशकाकडे किंवा वकिलाकडे जावे.

न्यायालयाच्या दृष्टीनेही हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पतिपत्नींपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येते. त्यावरून ‘आता पाळतीस मोकळीक झाली’ असे काही जण समजतात. परंतु पुरावा दाखल होणे आणि तो मिळविण्याचा मार्ग निर्दोष ठरणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय पतिपत्नी एकमेकांवर हेरगिरी करू लागली असतील तर ते नाते आधीच भंगल्याचे लक्षण होय, अशा आशयाचे मत त्याच निकालात व्यक्त झाले आहे. खेरीज छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे यांस भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ज्याने ती घेतली त्यास उलटतपासणीस उभे राहावे लागते. जो गुप्तहेर साक्ष देण्यास तयार नाही, त्याच्या अहवालाचे न्यायालयात फारसे वजन पडत नाही.

मग गुप्तहेर कधीच नेमू नये काय? असे आमचे म्हणणे नाही. धंद्यात अफरातफर होत असेल, कोणी खोट्या नावाने पैसे उकळून नाहीसा झाला असेल, दूरदेशीच्या स्थळाविषयी विचारावयास दुसरा मार्गच नसेल, तर चार उघड गोष्टींची शहानिशा जाणत्या मनुष्याकडून करवून घेण्यात दोष नाही. परंतु त्याआधी उघडी दारे ठोठावली पाहिजेत, आणि ती आपण समजतो त्याहून पुष्कळ आहेत. मुळशीतील जमीन घ्यावयाची तर सातबारा, त्यावरील इतर हक्कांचा रकाना, आठ अ आणि जुने फेरफार पाहावेत. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील सूची क्रमांक दोनवरून पूर्वीचे व्यवहार काढावेत. वकिलाकडून मालकीहक्काचा शोध घेऊन वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. भावाबहिणींचे दडलेले हक्क पाळतीपेक्षा या कागदांतून अधिक लवकर बाहेर येतात. कंपनी खरी की खोटी हे कंपनी निबंधकाच्या नोंदीत दिसते. पदवी विद्यापीठ पडताळून देते. दिवाणी-फौजदारी दाव्यांची माहिती न्यायालयांच्या संकेतस्थळावर पुष्कळ अंशी मिळते. पोटगीच्या दाव्यात नवऱ्याचे उत्पन्न शोधण्यासाठी हेर नेमण्याचीही तितकी गरज उरलेली नाही. दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात ठरवून दिले आहे. मनुष्य हरवला असेल तर प्रथम पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. आणि विवाहाच्या बाबतीत, सर्व कागदांहून मोठे साधन म्हणजे प्रश्न. ‘आपल्या पगाराची चिठ्ठी आम्ही पाहू शकू काय? आमच्या मुलीचीही दाखवितो. दोघांनीही वैद्यकीय तपासणी करून घ्यावी काय?’ असे सरळ विचारावयास आपण संकोचतो, आणि चोरून पाळत ठेवविताना मात्र संकोचत नाही, ही मोठी चमत्कारिक सभ्यता आहे. उघड प्रश्नास मिळालेले उत्तर पुष्कळ सांगून जाते. उत्तर टाळण्याची रीत त्याहूनही अधिक सांगते. काही दोष तर लपलेलेच नसतात. ज्या घराने बैठकीतच सोन्याचा आणि गाडीचा आकडा काढला, त्या घराविषयी आणखी काय शोधावयाचे राहिले?

इतके करूनही नेमण्याची वेळ आलीच, तर करार लेखी असावा. कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे ते एका वाक्यात लिहावे. ‘सर्व माहिती’ असे कदापि लिहू नये. किती दिवस, किती मोबदला, प्रवासखर्च कोणाचा, प्रत्यक्ष काम कोण करणार, हे ठरवावे. कायद्याबाहेरचे कोणतेही साधन वापरणार नाही असे त्याच्याकडून लिहून घ्यावे. पाहिलेली गोष्ट, ऐकलेली गोष्ट आणि स्वतःचा तर्क या तिन्ही अहवालात वेगळ्या मांडाव्यात, अशी अट घालावी. काम संपल्यावर छायाचित्रे व टिपणे परत घ्यावीत किंवा नष्ट करवावीत. आणि अहवालात काही गंभीर निघाले, तर त्यावर निर्णय घेण्यापूर्वी ज्याच्याविषयी ते आहे त्यास आपली बाजू सांगण्याची संधी द्यावी. चोरास देखील न्यायाधीश ही संधी देतो; भावी जावयास ती नाकारण्याइतके आपण कठोर का व्हावे?

या सर्व विचारातून आमच्या मते एकच मापदंड हाती लागतो. जी चौकशी आपण पुढे कधीतरी त्या माणसाच्या तोंडावर, मान खाली न घालता, सांगू शकू, ती करावी. ‘तुझ्या नोकरीची आम्ही खातरजमा केली होती’ असे जावयास लग्नानंतर दहा वर्षांनी हसत सांगता येते. ‘तुझ्या दारासमोर आम्ही मनुष्य उभा केला होता’ हे सांगता येत नाही. ते आयुष्यभर लपवावे लागते. मुलीला फसवणुकीपासून वाचविण्यासाठी निघालेल्या घराने तिच्या संसाराच्या पायात आपणच एक गुपित पुरून ठेवावे, यात तिचे हित किती, याचा निर्णय आम्ही प्रत्येक आईबापाच्या विवेकावर सोपवितो.